क्रॉसफीडनं हेडफोनवरचं ऐकणं खरंच सुधारतं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. घरात पोरांचा अभ्यास, आई नऊलाच झोपती, त्यामुळं स्पीकर लावायची सोय नाही, गाणी ऐकायची ती रात्री हेडफोनवरच. ३२ ओहमचा क्लोज्ड बॅक हेडफोन आहे, लॅपटॉपवर फूबार हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर आणि मधी एक लहानसा डॅक-अँप (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करून हेडफोनला ताकद देणारी डबी), बस एवढंच.

त्रास असा की सत्तरच्या दशकातली काही हिंदी स्टिरिओ गाणी, नाहीतर बीटल्सचे सुरुवातीचे स्टिरिओ मिक्स लावले की गाणारा पूर्ण एका कानात अन् वाद्यं दुसऱ्या कानात. थोडा वेळ मजा वाटती, मग एका बाजूचं डोकं जड पडू लागतं. स्पीकरवर हे होत नाही कारण डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतोच, फक्त पाव मिलिसेकंदभर उशिरा आणि डोकं आडवं आल्यामुळं वरच्या पट्टीत दबलेला. हेडफोनमधी हे मिसळणं होतच नाही, आणि क्रॉसफीड तेच थोडं परत आणतं, इथपर्यंत मला समजलं. बेंजामिन बाउर यांनी १९६१ सालीच यावर लिहून ठेवलंय म्हणे, म्हणजे कल्पना काही नवी नाही.

फूबारमधी बीएसटूबी नावाचा क्रॉसफीड करणारा प्लगइन टाकला. गाणारा मधी सरकला हे नक्की, डोक्यालाही आराम. पण ढोलकीच्या थापेची धार गेल्यासारखी वाटती आणि सगळंच जरा मऊ. आता मला कळंना झालंय की हे खरंच सुधारलंय का नुसता आवाज कमी झाल्यामुळं कानाला बरं वाटू लागलंय. कारण विचारायचं असं की संभाजीनगरला एक ओळखीचे क्रॉसफीडचं बटण असलेला जुना अँप विकू लागलेत, पैसे बरेच सांगतात. घ्यावा, का रेझिस्टर-कॅपॅसिटर आणून सर्किट घरीच जोडावं, का प्लगइनवरच भागवावं? आणि बायकोनं विचारलं तर काय सांगावं तेही कुणीतरी सुचवा.

प्रतिसाद: भाऊ, आधी एक करून बघा. जुनं मोनो गाणं लावा, पन्नाशीच्या दशकातलं कुठलंही चालंल, आणि क्रॉसफीड चालू-बंद करा. मोनोमधी दोन्ही कानांत एकच सिग्नल असतो, त्यामुळं तिथं क्रॉसफीडला मिसळायला वेगळं काही मिळतच नाही, जो फरक ऐकू येईल तो फक्त टोनचा नाहीतर आवाजाच्या पातळीचा. तिथंही 'वा छान' वाटलं तर समजा तुम्हाला तो टोन आवडलाय, तो इक्वलायझरनं फुकटात मिळतो.

प्रतिसाद: वरच्या दादांशी सहमत, भर एवढीच की पातळी सारखी करा. एकच गाणं फूबारच्या कन्व्हर्टरमधून क्रॉसफीडसकट आणि क्रॉसफीडशिवाय काढा, दोन्हीला रिप्लेगेन (गाण्यांची पातळी सारखी करणारी सोय) लावा, शफलवर टाका आणि स्क्रीनकडं बघू नका. जरासं मोठं वाजलं की तेच चांगलं वाटतं, कान असाच लबाड आहे. आणि बीएसटूबीमधी डीफॉल्ट ७०० हर्ट्झ (मुख्यतः याच्या खालचा आवाज मिसळतो) आणि ४.५ डीबी असतं, हेडफोन अँप बनवणारे यान मायर यांचं सेटिंग ६५० हर्ट्झ आणि ९.५ डीबी. डीबी म्हणजे मिसळलेला आवाज मूळ आवाजापेक्षा किती दबलेला, त्यामुळं इथं डीबीचा आकडा मोठा म्हणजे मिसळणं कमी, बरेच जण उलटं समजतात. ढोलकी मऊ लागत असंल तर ९.५ वर करून बघा.

प्रतिसाद: मी नांदेडहून, मी तर काढूनच टाकलं. लोक म्हणतात आवाज समोरून येतो, कशाचं काय, डोक्यातला आवाज डोक्यातच राहतो, फक्त दोन टोकं जवळ येतात. खोलीचा घुमारा, कानाच्या पाळीचा आकार, मान वळवल्यावर होणारा बदल, यातलं काहीच ते सर्किट देत नाही. बायनॉरल रेकॉर्डिंगला (दोन कानांच्या जागी माइक ठेवून केलेल्या) तर चालूच ठेवू नका, त्यात दोन कानांतला फरक आधीच पकडलेला असतो, वाट लागती.

प्रतिसाद: घरी करायचं असंल तर सर्किट अवघड नाही. ७०० हर्ट्झचा साधा एका टप्प्याचा फिल्टर खालच्या पट्टीत स्वतःच ०.२३ मिलिसेकंदाच्या आसपास उशीर करतो, म्हणून वेगळं डिले सर्किट लागत नाही, गंमत इथंच आहे. पण असं पॅसिव्ह (स्वतःचा वीजपुरवठा नसलेलं) सर्किट डॅक आणि अँपच्या मधीच बसवायचं. अँपच्या पुढं बसवून त्याला ३२ ओहमचा हेडफोन जोडला तर किलोओहमचे रेझिस्टर सगळा आवाज खाऊन टाकतील. तुमचा डॅक-अँप एकाच डबीत आहे ना? मग मधी घुसायला जागाच नाही, लाइन आउट (अँपच्या आधीचा सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) असंल तरच आणि वेगळा अँपही लागंल.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. मोनोवर बघितलं, जुन्या नाट्यगीताला खाली जरा भर आल्यासारखी वाटली, बाकी काही नाही, म्हणजे तिथं बंदच ठेवणार. बीटल्सवर मात्र पातळी सारखी करूनही चालूवालंच बरं वाटतं, ९.५ वर हिंदी गाण्यांतली ढोलकीही बरीचशी परत आली. संभाजीनगरच्या ओळखीच्यांना अँप नको म्हणून कळवलंय. माझ्या डबीला लाइन आउट आहे आणि भाच्याकडं एक जुना अँप पडून आहे, तर सर्किट करूनच बघतो. कॅपॅसिटर कुठले घेऊ?

प्रतिसाद: पॉलिएस्टरचे फिल्म कॅपॅसिटर घ्या, स्वस्त असतात. थोडे जास्तीचे आणा आणि मल्टिमीटरवर मोजून दोन्ही बाजूंना सारख्या व्हॅल्यूचे लावा, नाहीतर गाणारा मधी न राहता एका बाजूला झुकंल.