घर आणि त्यात आधी राहून गेलेली माणसं: पुस्तकं सुचवाल का?

उंबरा_नौपाडा

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्याला आमचं बिऱ्हाड आहे. दुमजली कौलारू इमारत, लाकडी जिना, मागे जाळी टाकलेली विहीर. सासऱ्यांनी १९७१ साली पागडी भरून दोन खोल्या घेतल्या, मी लग्न होऊन आले १९९४ ला. दिवाळीनंतर इमारत पाडणार आहेत. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. सासूबाईंच्या गुडघ्यांना लिफ्ट हवीच आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या रविवारी स्वयंपाकघरातलं लोखंडी कपाट हलवलं. मागे दाराची जुनी चौकट आहे, ते दार कधीचंच बंद करून टाकलेलं. त्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा निघाल्या. प्रत्येक रेघेशेजारी एक अक्षर आणि साल. 'बा. ५९', 'मं. ५९', मग 'सु. ६१'. बा. वाढत वाढत माझ्या कपाळापर्यंत आलाय. मं. खांद्याशी थांबली. सु.ची शेवटची रेघ माझ्या कमरेच्या जरा वर, साल ६६. आमच्या घरात बा., मं., सु. कुणीच नाही. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आपण आलो तेव्हा खोली रिकामीच होती, चुना नुकता मारलेला होता." म्हणजे चुना मारणाऱ्याने भिंती रंगवल्या आणि चौकट तेवढी सोडली.

तीस वर्षं मी त्या कपाटासमोर पोळ्या लाटल्या. आता पोळपाट घेऊन बसले की नजर तिकडेच जाते.

तर मला अशी पुस्तकं हवी आहेत ज्यात घर नुसतं मागच्या पडद्यासारखं नाही. घरात कोण राहून गेलं, काय ठेवून गेलं, घर हातातून कसं सुटलं, असं काही. मराठी असेल तर उत्तम, इंग्रजीही वाचेन, जरा वेळ लागेल इतकंच. भुताची नकोत, वास्तुशास्त्राची नकोत.

चरईकर

ताई, आधी त्या चौकटीचा फोटो काढून ठेवा. दिवसाउजेडी, बाजूने प्रकाश पडताना, शेजारी मोजपट्टी धरून. मग पुस्तकांचं बोलू.

तुम्ही नौपाड्यात आहात म्हणजे सुभाष पथावरचं मराठी ग्रंथसंग्रहालय पायी अंतरावर आहे. १८९३ साली 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. मी खाली सांगतोय त्यातलं बहुतेक तिथे मिळायला हवं. विकत घ्यायची घाई करू नका, घर हलवताना पुस्तकांची खोकीच सगळ्यात जड होतात.

पहिलं नाव महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'चं. नाटक आहे, १९८५ साली रंगमंचावर आलं. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, घरातले कर्ते तात्याजी वारलेले आणि तेराव्यासाठी मुंबईचा मुलगा आलेला. बस्स, एवढ्यात सगळं घडतं. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलाय, तो कुणी हलवत नाही. म्हातारी दादी पुन्हा पुन्हा वेळ विचारते. तेरवीला पैसे कुठून आणायचे यावरून घरात जे बोलणं चालतं ते मी आमच्या घरात माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, फक्त गाव वेगळं. पुढचे दोन भाग 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'. तिन्ही सलग वाचा. पहिल्या भागातली माणसं शेवटच्या भागात आठवणी होऊन राहतात. तुमच्या रेघांसारखीच.

नाटक वाचायची सवय नसेल तर पहिली दहा पानं मोठ्याने वाचा, मग जमतं.

दुसरं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलं. याला घराचं पुस्तक कुणी म्हणत नाही, पण मी म्हणतो. वडिलांच्या सोवळ्याने गांजलेलं माहेर, तिथे बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. मग नवऱ्याबरोबर, म्हणजे रेव्हरंड टिळकांबरोबर, मांडलेली आणि मोडलेली बिऱ्हाडं. घर म्हणजे भिंती की माणूस, असला प्रश्न बाई कुठे विचारत नाहीत. त्या चूल कुठे मांडली आणि भांडी किती होती ते सांगतात, आणि आपल्याला सगळं कळतं.

दापोलीची_लेक

कोकण कुणीच नाही काढलं अजून? गोनीदांची 'पडघवली', १९५५ ची. अंबावहिनी सांगतेय आणि गाव तिच्या डोळ्यांदेखत ओस पडतंय. माझ्या आईने ती वाचून आठ दिवस कुणाशी धड बोलणं केलं नव्हतं, कारण आमच्याही घराला कुलूप लागलं होतं तेव्हा.

आणि वेळ असेल तर श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत', १९८७, दोन खंड. जगबुडी नदीच्या काठचं एक घराणं, पिढ्यान् पिढ्या. पात्रांची वंशावळ एका कागदावर लिहीत वाचा, नाहीतर पहिल्या खंडातच गोंधळ होईल. मी केला होता कागद, अजून पुस्तकात आहे.

पागडीवाला

'बटाट्याची चाळ' सगळ्यांनी वाचलेली असते म्हणून सुचवत नाही कुणी. शेवटचं 'एक चिंतन' तेवढं पुन्हा वाचा ताई. आत्ता, घर सुटायच्या आधी.

मिठागर_घणसोली

ताई, जरा वेगळं लिहितो, रागावू नका.

वर सुचवलेली पुस्तकं चांगलीच आहेत. पण त्यातली घरं बहुतेक वाड्यांची आणि खोतांची. आमचं घर घणसोली गावठाणात. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० साली आली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. घरं राहिली, पण घराला घरपण देणारं भात आणि मीठ गेलं. आजोबांच्या ओटीवर भाताची कणगी होती. जमीन गेल्यावर दोन वर्षं ती रिकामी तशीच उभी होती, मग आजीने तिच्यात गोधड्या ठेवायला सुरुवात केली. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा आमचे वडील तिथे होते. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी आहे.

यावर पुस्तक विचाराल तर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' वाचा. १९९१ ची, साहित्य अकादमी मिळालेली. ती धरणग्रस्तांची आहे, आमची नाही. पण सरकारी कागदावर घराची किंमत कशी लावतात, दारं, वासे, झाडं मोजून, ते त्यात वाचलं तेव्हा मला आमच्या पंचनाम्याचा कागद आठवला.

दया पवारांचं 'बलुतं'ही (१९७८) घ्या. मुंबईतला कावाखाना आणि गावातला महारवाडा, अशी दोन घरं, आणि दोन्हीकडे आपण पूर्ण नसणं. ज्यांच्या घराला चिरेबंदी भिंत कधी नव्हतीच त्यांचीही आठवण तितकीच खोल असते, हे त्या पुस्तकाने मला शिकवलं.

आणि एक पुस्तक नसलेली गोष्ट. आमच्यात लग्नाला धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. आजी गायची. मी एकदाही रेकॉर्ड केलं नाही. तुमच्या सासूबाई बोलत्या आहेत तोवर फोन समोर ठेवा आणि बोलू द्या.

उंबरा_नौपाडा

दादा, रागवायचं काय त्यात? 'झाडाझडती' यादीत सगळ्यात वर लिहिली. सासूबाईंचं आजच सुरू करते.

बेलापूर_अंगण

मी वास्तुरचनेचं काम करते, राहायला बेलापूरला, आर्टिस्ट्स व्हिलेजजवळ. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेली वसाहत. साधारण आठ मीटर बाय आठ मीटरच्या एका अंगणाभोवती सात घरं, आणि कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला जसं वाढवायचं तसं वाढवता यावं. आज तिथे फिरलात तर मूळचं बैठं घर ओळखू येत नाही अशी पुष्कळ आहेत. आमच्यातले काही लोक त्यावर हळहळतात. मला नाही वाटत हळहळ. मुलगा झाला, खोली चढली. मुलीचं लग्न झालं, गच्चीवर पत्रे आले. घराने माणसांची नोंद ठेवली.

तुम्हाला नेमकं हवं ते पुस्तक माझ्या मते इंग्रजीत आहे: थॉमस हार्डिंग यांचं 'द हाउस बाय द लेक', २०१५. बर्लिनच्या पश्चिमेला ग्रोस ग्लिनिके नावाच्या गावी तळ्याकाठी एक लहानसं लाकडी घर. १९२७ मध्ये एका ज्यू डॉक्टरांनी सुट्टीसाठी बांधलं, नाझी आल्यावर कुटुंबाला इंग्लंड गाठावं लागलं. मग दुसरे आले, मग तिसरे. शंभर वर्षांत पाच कुटुंबं. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली ती थेट घर आणि तळं यांच्यामधून. म्हणजे ज्या पाण्यासाठी घर बांधलं ते पाणीच दिसेना. हार्डिंग हे त्या डॉक्टरांच्या पुढच्या पिढीतले. ते २०१३ मध्ये गेले तेव्हा घर मोडकळीला आलेलं, पाडायच्या यादीत. त्यांनी फक्त आपल्या कुटुंबाची गोष्ट लिहिली नाही, नंतरच्या प्रत्येक बिऱ्हाडाची शोधली, ज्यांनी घर बळकावलं त्यांचीसुद्धा. मला पुस्तक आवडलं ते यासाठी. कपाटामागे सापडलेल्या परक्या मुलांच्या रेघांकडे कसं पाहायचं, ते त्यात आहे.

भाषा सोपी आहे. प्रत्येक प्रकरण एका कुटुंबाचं, त्यामुळे थांबत थांबत वाचता येतं.

त्याच्या जोडीला एडमंड डी वाल यांचं 'द हेअर विथ अँबर आइज' (२०१०). त्यात घराहून जास्त वस्तू आहेत: २६४ जपानी नेत्सुके, म्हणजे बोटभर कोरीव आकृत्या. व्हिएन्नातल्या त्या घराण्याचा वाडा नाझींनी १९३८ मध्ये घेतला, चित्रं, चांदी, पुस्तकं सगळं गेलं. आना नावाच्या मोलकरणीने त्या आकृत्या थोड्याथोड्या करून खिशातून नेल्या आणि आपल्या गादीत लपवल्या. युद्ध संपल्यावर जशाच्या तशा परत दिल्या. एवढ्या एका पानासाठी मी ते पुस्तक तिघांना भेट दिलंय. सुरुवातीचा पॅरिसचा भाग जड आहे, तो चाळला तरी चालेल.

चाळींवर नीरा आडारकर यांनी संपादित केलेलं 'द चॉल्स ऑफ मुंबई' (२०११) आहे. गॅलरी, मोरी, जिना या जागांमध्ये माणसं कशी जगली यावर वेगवेगळ्या लोकांचे लेख. सगळे सारखे नाहीत, निवडून वाचा.

वाखु_साठवणारा

धागा छान. वाचनखूण साठवली. जयंत पवारांचं 'अधांतर' राहिलं का? गिरणी संपानंतरचं एक खोलीतलं कुटुंब.

चरईकर

राहिलं होतं खरं. धन्यवाद.

ताई, ती तीन मुलं कोण हे शोधायचं असेल तर एक सांगतो, मी आमच्या इमारतीसाठी केलंय. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढली, तर त्यात मालकांची नावं सापडतात, भाडेकरूंची नाही. भाडेकरू सापडतात ते भाडेपावत्यांच्या स्थळप्रतींत आणि मालकाच्या वहीत. तुमच्या घरमालकांकडे जुनी वही असेल तर आत्ताच मागा. इमारत पाडताना पहिली रद्दीत जाते ती हीच. आमच्या मालकांची वही मी वजनकाट्यावरून उचलून आणली. १९४८ पासूनची. जांभळ्या पेन्सिलीत दर महिन्याचं भाडं आणि एका खोलीसमोर सलग पाच महिने 'माफ'. का माफ, ते लिहिलेलं नाही.

उंबरा_नौपाडा

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार.

'वाडा चिरेबंदी' झालं. पहिली दहा पानं मोठ्याने वाचली, सासूबाई ऐकत होत्या, मग अकरावं पान त्यांनीच वाचायला लावलं. रोज रात्री जेवणानंतर थोडं थोडं करत संपवलं. दागिने बाहेर निघतात तिथे त्या म्हणाल्या, "आता पुरे, उद्या." 'झाडाझडती' सुरू आहे. 'हाउस बाय द लेक' मुलीने मागवून दिलं, शब्दकोश घेऊन बसते, दुसऱ्या कुटुंबापर्यंत आलेय.

वही मिळाली नाही. मालकांच्या मुलाने सांगितलं, मागच्या पावसाळ्यात भिजली, टाकली. पण शेजारच्या इमारतीत एक आजी आहेत, पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, वडील रेल्वेत होते, बदली झाली, भुसावळला की कुठे. मोठा मुलगा विहिरीवर पोहरा सोडताना मोठमोठ्याने गाणी म्हणायचा. आडनाव आठवेना. धाकटी सु. म्हणजे काय, तर म्हणाल्या, "तिला आम्ही चिमणीच म्हणायचो." बदली ६६ च्या सुमाराला झाली असणार, म्हणून तिन्ही रेघा तिथेच थांबल्यात. मला उगाचच वाईट वाटत होतं इतके दिवस, सु.चं काही झालं असेल का म्हणून. ती गाव सोडून गेली आणि वाढली. कुठेतरी साठी उलटलेली असेल.

कंत्राटदाराच्या सुताराने चौकटीची ती उभी बाजू अखंड काढून देतो म्हटलंय. सागवानी आहे, वजन बरंच आहे. तात्पुरतं भाड्याचं घर कळव्याला मिळालंय, टेम्पोत शेवटी चढवू आणि पहिली उतरवू. एकच विचारायचं होतं, तळाशी थोडी वाळवी लागलीय. काय लावू?

बेलापूर_अंगण

खालचा पोखरलेला भाग सुताराकडून सरळ कापून घ्या, रेघा वर आहेत ना. उरलेल्याला वाळवीचं औषध मागच्या बाजूने, ब्रशने, दोन हात. कापायच्या आधी जमिनीपासून प्रत्येक रेघेची उंची वहीत लिहून ठेवा, नाहीतर तळ कापल्यावर मुलं तेवढी बुटकी होतील. आणि पुढच्या बाजूला पॉलिश, व्हार्निश, तेल, काही म्हणजे काही लावू देऊ नका. सुतार हौसेने लावतात. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळा आणि पेन्सिलीची बाजू वर ठेवा.