खाणींवरचे संघर्ष विद्यार्थ्यांना कसे दिसतात? प्रश्नावलीत सगळेच ‘पूर्ण सहमत’

प्रश्नकर्ता
खाणींवरून होणाऱ्या सामाजिक आणि पर्यावरणीय संघर्षांकडे विद्यापीठातले विद्यार्थी कसे पाहतात, यावर सर्वेक्षण आहे. एकूण विद्यार्थी 4,000, विधानं 24, ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशी पाच पर्यायांची श्रेणी, मधला ‘तटस्थ’. पूर्वचाचणीत ‘खाणकामात पर्यावरण जपलं पाहिजे’ याला जवळपास सगळ्यांनी ‘पूर्ण सहमत’ दिलं. नमुना, म्हणजे उत्तर देणाऱ्यांची संख्या, वाढवू का?

मापनवाला
नमुना वाढवून काही होणार नाही. 95% विश्वासपातळी आणि ±5% चुकीसाठी 351 जण पुरतात, तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक निवड असेल तरच. ग्रुपवर लिंक फिरवली की या आकड्याला अर्थ उरत नाही.

दोष विधानात आहे. त्याला नाही कोण म्हणेल? काहीतरी गमवावं लागेल असं विचारा: ‘रोजगार गेला तरी भूजलासाठी खाण बंद करावी.’ आणि ‘खाणीमुळे पाणी दूषित होतं आणि लोक विस्थापित होतात’ अशी जोडविधानं असतील तर तोडा. एक पटलं, दुसरं नाही, तर बिचाऱ्याने खूण कुठे करायची?

काठावरचा
रोजगाराचं विधानही तसं जोडच आहे. ‘असहमत’ म्हणणाऱ्याला रोजगार महत्त्वाचा वाटतो, की खाण बंद करून भूजल वाचेल हेच पटत नाही, ते कळणार नाही. त्यापेक्षा छोटा प्रसंग द्या. त्यात दोनच गोष्टी बदला: गावाची संमती घेतली की नाही, नफ्यातला वाटा गावाला मिळतो की नाही. चार आवृत्त्या होतील, प्रत्येकाला एकच, चिठ्ठीने. 0.5 प्रमाण विचलनाचा (उत्तरं सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) फरक 80% खात्रीने पकडायला तुलनेच्या प्रत्येक बाजूला 64 जण लागतात. संमतीची तुलना करताना दोन-दोन आवृत्त्या एकत्र येतात, म्हणून एकूण 128 पुरतात. संमतीचा परिणाम वाटा मिळण्या-न मिळण्याने बदलतो का, हे बघायचं असेल तर मात्र बरेच जास्त.

प्रसंगात खरी खाण नको. ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्योला 25 जानेवारी 2019 रोजी लोहखनिजाच्या गाळाचा बांध फुटून 270 जण गेले. ते नाव दिसलं की उत्तर त्या दुर्घटनेला मिळतं, तुमच्या प्रसंगाला नाही.

प्रश्नकर्ता
आणि ‘तटस्थ’चं काय? तिथेही गर्दी आहे.

मापनवाला
त्यात दोन प्रकारचे लोक मिसळलेत: दोन्ही बाजू पटणारे आणि विषयच माहीत नसलेले. ‘माहीत नाही’ हा रकाना श्रेणीबाहेर वेगळा ठेवा, सरासरीत धरू नका.

माहितीचे प्रश्न मतांच्या नंतर. धूळ आणि सुरुंगाचे हादरे सगळ्यांना सुचतात. पण सल्फाइडयुक्त खडक हवा-पाण्याला उघडा पडला की आम्ल तयार होतं आणि खाण बंद झाल्यावरही ते दशकानुदशकं झिरपत राहतं, हे विचारा. आधी विचारलंत तर पुढची मतं त्यानेच रंगतील.

काठावरचा
शाखाही नोंदवा. खाण अभियांत्रिकीवाल्यांची नोकरी यात गुंतलेली असते; त्यांची सरासरी समाजशास्त्राच्या मुलांत मिसळलीत तर कुणाचंच मत नसलेला आकडा हाती येईल. घर खाणीपासून किती किलोमीटरवर, तेही विचारा. गावाचं नाव मात्र नको, छोट्या वर्गात त्यावरून माणूस ओळखता येतो.