'इम्पोस्टर'ला इम्पाला म्हणावे का?

प्रश्न: जुन्या गाड्यांना नवे रूप देणारे अमेरिकन डिझायनर चिप फूस यांच्या कार्यशाळेत घडवलेल्या १९६५च्या शेव्हरोलेट इम्पालाला, म्हणजे 'इम्पोस्टर'ला, २०१५ साली डेट्रॉइटच्या ऑटोरामा या सजवलेल्या गाड्यांच्या प्रदर्शनात रिडलर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तिच्या कवचाखाली मात्र कॉर्व्हेट या शेव्हरोलेटच्याच स्पोर्ट्स कारची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आहे. मग ती इम्पाला कशी? शिवाय अशी गाडी आधी लहान प्रदर्शनांतून का फिरवत नाहीत?

उत्तर १: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: रिडलरच्या स्पर्धेतील गाडी त्यापूर्वी कोणत्याही प्रदर्शनात मांडलेली चालत नाही. त्यामुळे कित्येक वर्षांचे काम झाकून ठेवावे लागते आणि आठ अंतिम गाड्यांत निवड होईपर्यंत मालकाचा जीव टांगणीला लागलेला असतो.

उत्तर २: पहिल्या प्रश्नातच खरी गंमत आहे. मूळ इम्पालाचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) ११९ इंच, तर इथे वापरलेल्या सहाव्या पिढीच्या कॉर्व्हेटचा सुमारे १०६ इंच. म्हणजे जुने कवच नव्या सांगाड्यावर नुसते ठेवून भागत नाही, पत्रा कापून, जोडून, तरीही मूळ रेषांचा तोल न बिघडवता सगळी प्रमाणे नव्याने बसवावी लागतात. बदल्यात चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाकाला वेगळे वरखाली होऊ देणारी, धक्के शोषणारी रचना) मिळते, जे १९६५च्या इम्पालाच्या मागच्या चाकांना नव्हते. नाव तर मोठ्या थाटात 'इम्पोस्टर', म्हणजे 'तोतया', असेच ठेवले आहे, तेव्हा फसवणुकीचा आरोप टिकत नाही!

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मात्र माझ्या मते तिला इम्पालाच्या वेशातील कॉर्व्हेट म्हणणेच अधिक प्रामाणिक ठरेल.