६ जानेवारी २०२१: आंदोलन, दंगल की बंड?

सुमेध
अमेरिकेच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, त्या दिवशी ट्रम्प समर्थकांचा जमाव घुसला, त्याला कुणी दंगल म्हणतं, कुणी बंड. माझ्या मते ते बंडच. किती काचा फुटल्या यावर ते ठरत नाही, बळ कशासाठी वापरलं यावर ठरतं. काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) संयुक्त अधिवेशनात राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या, राज्यांकडून आलेल्या इलेक्टोरल मतांची मोजणी चालू होती. दुपारी दोननंतर ती थांबली, खासदारांना सुरक्षित जागी हलवावं लागलं. कामकाज रात्री आठच्या सुमारास पुन्हा सुरू झालं आणि बायडन यांच्या विजयावर शिक्कामोर्तब व्हायला पहाटेचे साडेतीन वाजून गेले. जमावाने मिळून, उघडपणे, बळाच्या जोरावर सत्तांतर अडवणं: कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ट्रम्प यांना उमेदवारीसाठी ४ विरुद्ध ३ मतांनी अपात्र ठरवताना जवळपास हीच कसोटी लावली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून कॅव्हॅनॉ यांच्या नेमणुकीवर मतदान चालू असताना सिनेटच्या सज्जातून घोषणा झाल्या. व्यत्यय तोही होता, पण पोलिसांनी निदर्शकांना बाहेर काढलं आणि मतदान तिथेच पार पडलं.

रेवती
सगळा भार हेतूवर टाकलात, आणि जमावाचा हेतू सिद्ध करणं हेच सर्वांत कठीण. बंडासाठी फेडरल (केंद्रीय) कायद्यात स्वतंत्र कलम आहे, २३८३: दहा वर्षांपर्यंत कैद आणि सरकारी पदाला कायमची बंदी. सुमारे १५०० लोकांवर गुन्हे दाखल झाले, या कलमाखाली एकावरही नाही. शेकडो जणांना लावलेलं 'अधिकृत कामकाजात अडथळा' हे कलमसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फिशर खटल्यात आक्रसून टाकलं. नुसतं कामकाज बंद पाडणं पुरेसं नाही, त्यात वापरायच्या नोंदी, कागदपत्रं किंवा वस्तूंना धक्का लावल्याचं (किंवा तसा प्रयत्न केल्याचं) दाखवावं लागतं. पोलिसांवर हल्ला केला? त्याची शिक्षा द्या, जबर द्या. जो आरोप सरकारनेच ठेवला नाही, तो आपण कशाच्या बळावर चिकटवायचा?

सुमेध
२३८३ नाही, पण शेजारचं २३८४ लावलं ना! राजद्रोहाचा कट, वीस वर्षांपर्यंत कैद. ओथ कीपर्स या सशस्त्र उजव्या गटाचे स्ट्युअर्ट ऱ्होड्स यांना १८ वर्षं झाली. त्यांच्या लोकांनी नदीपलीकडे, व्हर्जिनियातल्या हॉटेलात बंदुका आणून ठेवल्या होत्या. प्राउड बॉइज या दुसऱ्या उजव्या गटाचे म्होरके टारिओ त्या दिवशी शहरातही नव्हते, तरी ज्यूरीने कटात दोषी धरलं.

रेवती
म्हणजे कट मोजक्यांचा. मग मागून आत शिरून फोटो काढणाऱ्याला बंडखोर का म्हणायचं?

अनिरुद्ध
इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळताहेत. तुरुंगात टाकायला ज्यूरीसमोर निःसंशय पुरावा लागतो. चौदाव्या घटनादुरुस्तीचं (१८६८) तिसरं कलम, राज्यघटनेची शपथ घेऊन बंडात उतरणाऱ्याला पदबंदी करणारं, मात्र शिक्षेचं नाही, अपात्रतेचं आहे, आणि त्यात आधी दोषी ठरण्याची अट लिहिलेली नाही. न्यू मेक्सिकोतले काउंटी कमिशनर (स्थानिक लोकप्रतिनिधी) कूय ग्रिफिन यांच्यावर सिद्ध झालेला गुन्हा किरकोळ होता, प्रतिबंधित आवारात शिरल्याचा. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायाधीशांनी याच कलमाने त्यांना पदावरून काढलं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोचा निकाल एकमताने फिरवला, पण कारण एवढंच की फेडरल पदाच्या उमेदवाराला राज्यं परस्पर अपात्र ठरवू शकत नाहीत. बंड झालं की नाही, याला न्यायालयाने हातच घातला नाही. त्या निकालाला 'निर्दोष सुटका' म्हणणं चूक आहे.

रेवती
दोषी ठरण्याआधीच अपात्रता, हेच मला धोक्याचं वाटतं. १८०७ च्या इन्सरेक्शन ॲक्टखाली राष्ट्राध्यक्ष देशातच सैन्य उतरवू शकतो, आणि बंड झालंय हे ठरवणार तोच. व्याख्या आज सैल केलीत, तर उद्या २०२० च्या पोर्टलंडसारखं फेडरल कोर्टाबाहेर आंदोलन झालं की त्यावरही तीच चालेल. बळ होतं, आगी लावल्या, इमारत सरकारी होती.

सुमेध
कोर्टाची इमारत जाळू पाहणं हा गंभीर गुन्हाच, पण तिथे कोर्टाने अमुक निकाल देऊच नये म्हणून त्याचा ताबा घ्यायला कुणी निघालं नव्हतं. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी नेमकं ते केलं, कर्जाचे निकाल लागू नयेत म्हणून हत्यारांनिशी कोर्टं बंद पाडली. माझी रेघ तिथे आहे. तुमची कुठे, तेवढं सांगा.

रेवती
हत्यार, आधी आखलेला कट आणि ज्यूरीचा निकाल. तिन्ही हवेत.