सैनिक कमी केले म्हणजे लष्कर आधुनिक होते का?

डिचोलीचा मास्तर (प्रश्न)

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवतो. पुढील महिन्यात आमच्या मुलांना ‘सैन्यसंख्या घटविल्याशिवाय भारतीय लष्कराचे आधुनिकीकरण शक्य नाही’ या विषयावरील वादविवाद स्पर्धेत बोलायचे आहे. कोणत्या बाजूने बोलायचे हे ऐनवेळी चिठ्ठी काढून ठरणार असल्यामुळे दोन्ही बाजूंची तयारी करून घेणे भाग आहे.

अनुकूल बाजूसाठी चीनचे उदाहरण सहज मिळाले. तेथे १९८५ मध्ये दहा लाख सैनिक कमी करण्याचा निर्णय झाला, पुढे १९९७ मध्ये पाच लाख, २००३ मध्ये दोन लाख आणि सप्टेंबर २०१५ मध्ये आणखी तीन लाख अशा कपाती जाहीर झाल्या. आणि याच काळात त्या देशाचे नौदल व क्षेपणास्त्रदल कुठल्या कुठे जाऊन पोहोचले. मुलांनी हे सारे पाठही केले. मात्र सरावाच्या वेळी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, कमी केलेल्या सैनिकाचा पगार तोफेकडेच जाईल हे कोण ठरवते?” मला उत्तर देता आले नाही. तिचा भाऊ अग्निवीर म्हणून बेळगावला प्रशिक्षण घेत आहे, त्यामुळे हा प्रश्न तिने केवळ स्पर्धेसाठी विचारलेला नव्हता. जाणकारांनी कृपया लिहावे.

म्हापशाचा हिशेबनीस

मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीने दुखऱ्या नसेवर बोट ठेवले आहे. मी लष्करातला नव्हे. आयुष्यभर हिशेब तपासले, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यातील १ लाख ८० हजार कोटी भांडवली खर्चासाठी, म्हणजे ढोबळमानाने नवी विमाने, जहाजे, तोफा आणि यंत्रणा यांसाठी, आणि १ लाख ६० हजार कोटींहून थोडे अधिक निवृत्तिवेतनासाठी. नव्या शस्त्रांवर जेवढा खर्च होतो जवळपास तेवढाच निवृत्तांवर होतो, हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की खोगीरभरती कमी करा ही मागणी कोणालाही पटते.

परंतु हिशेबाची मेख पुढे आहे. आज देण्यात येणारे निवृत्तिवेतन हे पूर्वी भरती झालेल्यांचे आहे, आणि आजची भरती थांबवून त्यातला एक रुपयाही वाचत नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर फक्त पंचवीस टक्के जवान कायम होतात आणि उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही. मात्र जुन्या पद्धतीने २०२२ मध्ये भरती झालेला शिपाई सेवानिवृत्त होऊन निवृत्तिवेतन घेऊ लागला असता तो पंधरा-सतरा वर्षांनी. तेव्हा या खात्यातील खरी बचत २०३७ च्या सुमारास दिसू लागेल. तोपर्यंतची तोफ कोणत्या पैशाने घ्यायची, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

दुसरी गोष्ट वाचलेल्या पैशाच्या मालकीची. सरकारी खात्यात ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली रक्कम परत जाते. ती पुढील वर्षीच्या खरेदीसाठी बाजूला ठेवता येत नाही. म्हणूनच पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणासाठी २०२१ ते २०२६ या काळात २ लाख ३८ हजार ३५४ कोटी रुपयांचा, वर्षअखेरीस न बुडणारा निधी उभारावा, अशी शिफारस केली होती. असा निधी हाताशी नसेल तर ‘सैनिक वाचवले म्हणून तोफ आली’ हे वाक्य भाषणात चांगले दिसते, खतावणीत नाही.

चीनच्या उदाहरणाबाबतही मुलांना सावध करा. तिथे १९९७ पासूनच्या कपातींच्या वर्षांतही संरक्षणखर्च वाढतच होता. कपात हा त्या आधुनिकीकरणाचा एक भाग होता. त्याची थैली मात्र वाढत्या अर्थव्यवस्थेने भरली.

सत्तरीचा सुभेदार (निवृत्त)

हिशेबनीससाहेबांचे गणित मला मान्य आहे, ‘खोगीरभरती’ हा शब्द मान्य नाही. अठ्ठावीस वर्षे सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात, काढली. उंच चौकीवर दहा माणसे उभी ठेवायची असतील तर पलटणीच्या हजेरीपटावर त्याहून बरीच अधिक माणसे लागतात, कारण कोणी रजेवर असतो, कोणी कोर्सला, कोणी उंचीवरच्या हवेने आजारी पडून खाली उतरलेला. वातानुकूलित खोलीतून पाहणाऱ्याला ही फालतू गर्दी वाटते.

आपल्या सीमेचे स्वरूप लक्षात घ्या. चीनशी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ३,४८८ किलोमीटरची, पाकिस्तानशी नियंत्रण रेषा सुमारे ७४० किलोमीटरची, आणि सियाचेनवर १९८४ पासून आपण बसलेले आहोत. १९९८ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी पन्नास हजार पदे कमी करण्याचे ठरवले होते. वाचलेला पैसा शस्त्रसामग्रीकडे वळावा हाच त्यामागील हेतू होता. दुसऱ्याच वर्षी कारगिल झाले आणि तो बेत गुंडाळावा लागला. २०१३ मध्ये चीनच्या सीमेसाठी सुमारे नव्वद हजार सैनिकांची नवी पर्वतीय कोअर मंजूर झाली, तीही पैशांअभावी मध्येच रखडली. मग २०२० मध्ये गलवान घडले, आणि हजारोंच्या संख्येने जवान लडाखमध्ये नेऊन उभे करावे लागले. पर्वतात ताबा माणूसच धरतो. ड्रोन दाखवील, तोफ मारील, पण शिखरावर रात्र काढायला शिपाईच लागतो.

याचा अर्थ काहीच कमी करू नये असा नव्हे. कपात कुठे करायची, हा खरा वादाचा मुद्दा आहे. आमच्या वेळी फील्ड टेलिफोनसाठी केबलचे ड्रम वाहून नेणाऱ्या तुकड्या असत. त्यातली कितीतरी कामे आता रेडिओ आणि उपग्रह करतात. लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला, तो याच विषयावर. टपाल, वाहतूक, दुरुस्ती कार्यशाळा, साठवण अशा ठिकाणी अडकलेली माणसे लढाऊ कामाकडे वळवावीत, असा त्याचा सूर होता. २०१७ मध्ये सरकारने लष्कराशी संबंधित ६५ शिफारशी स्वीकारल्या, आणि सुमारे ५७ हजार जणांची फेरनियुक्ती व्हायची होती. लष्कराच्या दुधाच्या गोशाळा १८८९ पासून चालू होत्या, त्या मार्च २०२१ मध्ये बंद झाल्या. बाजारात दूध मिळत असताना लष्कराने गाई का पाळाव्यात, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. तरी निर्णयाला किती वर्षे लागली ते पाहा.

वास्कोचा रहिवासी

सुभेदारसाहेबांशी सहमत. फक्त वेळेचा एक मुद्दा जोडतो, कारण तो आमच्या दारातच दिसतो.

गोवा शिपयार्डशी दोन युद्धनौकांचा करार जानेवारी २०१९ मध्ये झाला. पहिलीचे, ‘त्रिपुट’चे, जलावतरण जुलै २०२४ मध्ये झाले आणि दुसरीचे, ‘तवस्य’चे, मार्च २०२५ मध्ये. जलावतरण म्हणजे सांगाडा पाण्यात उतरणे. त्यानंतरही यंत्रे, शस्त्रे आणि चाचण्या बाकी असतात. भरती मात्र एका सहीने थांबते: कोविडच्या काळात दोन वर्षे लष्करभरती झालीच नाही. माणूस आज कमी होतो आणि यंत्र सात-आठ वर्षांनी येते. मधल्या काळात दोन्हीही नाहीत, अशी अवस्था होऊ शकते.

दाबोळीच्या नौदलाच्या हंस तळावर याच्या उलट क्रम पाळला गेला. जुनी रशियन आयएल-३८ टेहळणी विमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तीही नव्या पी-८आय विमानांची तुकडी मार्च २०२२ मध्ये येथे दाखल झाल्यानंतर. नवे आले, स्थिरावले, मग जुने गेले. पायदळाच्या बाबतीत हाच क्रम का उलटा करायचा, हे प्रतिकूल बाजूच्या वक्त्याने जरूर विचारावे.

फोंड्याचा वाचक

मराठी मुले बोलणार आहेत, तर त्यांनी आपल्याच इतिहासातील शब्द वापरावा: बुणगे. पानिपतावर लढणाऱ्या फौजेबरोबर न लढणाऱ्यांचा फार मोठा तांडा होता, आणि अब्दालीने रसद तोडल्यावर त्या तोंडांनी आधी धान्य संपवले. संख्या आणि बळ एक नव्हे, हे तिथे कळले. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉइन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या, त्या थोड्या फौजेने उत्तरेत मोठी कामगिरी केली. अनुकूल बाजूला याहून चांगला दाखला मिळणार नाही. मात्र त्याच दाखल्याची दुसरी बाजू अशी की १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा दौलतराव शिंद्यांचे अनेक युरोपीय अधिकारी चाकरी सोडून गेले. आधुनिक फौज होती, पण ती चालवण्याचे ज्ञान परक्याच्या खिशात होते. बोफोर्सच्या तोफा १९८६ मध्ये घेतल्यावर घोटाळ्याच्या गदारोळात सुट्या भागांची पंचाईत झाली, आणि त्यानंतर मोठ्या तोफांची पुढची परदेशी खरेदी व्हायला २०१६ उजाडले.

संख्या घटवून आधुनिक होण्याच्या नादात फसलेले ताजे उदाहरण रशियाचे. २००८ च्या जॉर्जिया युद्धानंतर तेथे डिव्हिजन मोडून लहान ब्रिगेड केल्या गेल्या आणि अधिकाऱ्यांची पदे निम्म्याहून अधिक घटवण्याचे ठरले. त्या ब्रिगेडमधून उभे केलेले, रणगाडे आणि तोफा भरपूर असलेले लहान बटालियन-गट २०२२ मध्ये युक्रेनमध्ये उतरले, तेव्हा शहरे आणि रस्ते धरायला पायदळच पुरेना. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तीन लाख राखीव माणसे बोलवावी लागली. ब्रिटननेही आपले लष्कर २०१० नंतर सुमारे एक लाख दोन हजारांवरून ८२ हजारांवर आणण्याचे ठरवले. पण त्या बेटाला हिमालयाची सीमा नाही, त्यामुळे ती तुलना आपल्याला फारशी उपयोगाची नाही.

आणि घरचेच उदाहरण सांगायचे तर पोर्तुगिजांचे. पन्नासच्या दशकाच्या मध्यास गोव्यातील त्यांची फौज बारा हजारांच्या घरात होती; १९६१ पर्यंत ती साडेतीन-चार हजारांवर आली. माणसे कमी केली, पण त्यांच्या जागी विमाने आली नाहीत, विमानविरोधी तोफा जेमतेम आणि जुनाट होत्या, आणि समुद्रात लढायला तीसच्या दशकातली एकच युद्धनौका, ‘अफोन्सो द अल्बुकर्क’, होती. छत्तीस तासांत कारभार आटोपला, तो आपल्या भाग्याने.

डिचोलीचा मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. पोर्तुगीज फौजेचे उदाहरण मी इतकी वर्षे मुक्तिदिनाच्या भाषणात वापरत आलो, पण या अंगाने कधी पाहिले नव्हते.

आता मांडणी अशी करतो आहे. अनुकूल बाजूने ५७ हजारांच्या कपातीचा आकडा आणि बुणग्यांचा दाखला घ्यावा. प्रतिकूल बाजूने कारगिल, गलवान आणि हिशेबनीससाहेबांचे २०३७ हे वर्ष घ्यावे. एकच शंका उरली. जुलै २०२५ मध्ये द्रास येथे लष्करप्रमुखांनी ‘रुद्र’ ब्रिगेड आणि ‘भैरव’ कमांडो बटालियन जाहीर केल्या, त्या कोणत्या बाजूला घालायच्या?

सत्तरीचा सुभेदार (निवृत्त)

मास्तर, आधी एक दुरुस्ती. ५७ हजार ही ‘कपात’ नव्हे, ‘फेरनियुक्ती’ आहे. प्रतिस्पर्धी वक्त्याने एवढे पकडले तरी तुमचा मुलगा तिथेच गारद होईल. तो आकडा अनुकूल बाजूने घेतलाच तर ‘न लढणाऱ्या जागा कमी करता येतात’ एवढ्यापुरताच घ्यावा.

रुद्र आणि भैरव दोन्ही बाजूंना घालता येतील. रुद्रमध्ये पायदळ, चिलखती दल, तोफखाना आणि ड्रोन एकाच ब्रिगेडमध्ये एकत्र आणले जातात. भैरव या लहान, चपळ तुकड्या आहेत. हे नवे रूप आहे, पण त्यातही हाडामांसाचे जवानच आहेत, आणि ते आहेत त्याच पलटणींतून निवडून घ्यायचे आहेत. शिवाय सीमेवरील माणसे एका हजेरीपटावरून कमी झाली तरी दुसऱ्यावर वाढतात, हेही मुलांना सांगा: फेब्रुवारी २०२३ मध्ये चीनच्या सीमेसाठी भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या सात नव्या बटालियनना आणि ९,४०० पदांना मंजुरी मिळाली. ती माणसे गृहखात्याच्या खर्चात मोजली जातात, संरक्षणाच्या नव्हे.

आणि त्या मुलीच्या भावाला सांगा, तांत्रिक ट्रेड मिळत असेल तर सोडू नकोस. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील. ते घरी येतील तेव्हा हातात काय कसब असेल, यावर त्यांचे पुढचे बरेचसे अवलंबून राहील. चोर्ला घाट उतरून कधी वाळपईकडे आलात तर त्याला घेऊन या, बोलू.

म्हापशाचा हिशेबनीस

‘खोगीरभरती’ मागे घेतो, सुभेदारसाहेब. निवृत्तिवेतनाचे आकडे मात्र तसेच राहू द्या.