प्रीपेड सर्व्हिस पॅकेज घ्यावं का? गाडी सांगलीत, बाबा वापरतात, रनिंग खूप कमी

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय आणि या रविवारच्या आत हवाय कारण ऑफर तोपर्यंतच आहे असं शोरूमवाले सांगतायत (दरवेळी सांगतात तेच, पण तरी).

पेट्रोल हॅचबॅक आहे, दोन वर्षं पूर्ण झाली, मीटरवर ९,२०० किमी. मी पुण्यात, गाडी सांगलीत बाबांकडे. बाबा ७१ वर्षांचे आहेत. मिरजेला दवाखाना, मंडई, कधी औदुंबरला दर्शन, एवढंच त्यांचं फिरणं. फ्री सर्व्हिसेस संपल्या, त्यात पण लेबरच फ्री होतं, ऑइल-फिल्टरचे पैसे आपण भरलेच.

आता पॅकेज असं आहे, ३ वर्षं किंवा ३०,००० किमी, जे आधी होईल ते, १६,५०० रुपये टॅक्ससकट. त्यात लेबर, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल एकदा आणि वर्षातून एकदा चाकांचं अलाइनमेंट. ब्रेक पॅड, क्लच, वायपर, बॅटरी, टायर काहीच नाही.

मी गेल्या सर्व्हिसचं बिल काढून बसलो. ७,४०० झाले होते. त्यातलं ऑइल, दोन्ही फिल्टर, लेबर, अलाइनमेंट हे सगळं धरून टॅक्ससकट ३,९००. उरलेले साडेतीन हजार कशाचे तर एसी ट्रीटमेंट, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग आणि इंजिन ड्रेसिंग (वरून चकाकीचा स्प्रे). मॅन्युअल उघडून बघितलं, या तिन्हीपैकी एकाचंही नाव शेड्यूलमध्ये नाही. म्हणजे साधी सर्व्हिस तीन वर्षं केली, पहिली ३,९०० ला आणि पुढे दरवर्षी दहा टक्के भाव वाढले असं धरलं आणि ब्रेक ऑइलचे हजारभर वर घातले तरी चौदा हजारांच्या आत बसतंय. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग मॅन्युअलप्रमाणे ४०,००० ला, ते तर पॅकेजच्या बाहेरच राहिले, आणि बाबांच्या वापराने ४०,००० व्हायला अजून किती वर्षं लागतील देव जाणे.

मग विचारतोय कशाला? तर खरा प्रश्न पैशाचा नाहीये. मागच्या वेळी वर्कशॉपच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने बाबांना फोन करून सांगितलं, काका एसीत बुरशी झालीय, श्वासाचा त्रास होईल. आईला दम्याचा त्रास आहे, बाबा लगेच हो म्हणाले. मला संध्याकाळी बिल बघून कळलं. बाबा म्हणाले, "अरे तो मुलगा इतका काळजीने बोलत होता, नाही कसं म्हणू?" त्यांना मी काय बोलणार. मला वाटलं पॅकेज घेतलं की पैसे आधीच भरलेले, मग हे फोन बंद होतील. पण माझ्या मित्राने पॅकेज घेतलंय (दुसऱ्या कंपनीची गाडी), तो म्हणतो फोन येतातच, उलट "तुमचं लेबर तर फ्रीच आहे" म्हणून जास्त गळ घालतात.

सर्व्हिस टाळायची नाही हे नक्की, कारण तीन-चार किमीच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, ऑइल लवकर खराब होतं, आणि एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलीय तर ऑथराइज्ड वर्कशॉपची नोंद लागणारच. त्यामुळे गल्लीतल्या गॅरेजचा सल्ला कृपया नको, तिथले मेकॅनिक चांगलेच आहेत पण वॉरंटीचा प्रश्न आहे.

ज्यांनी घेतलंय त्यांनी सांगा:

पॅकेज कंपनीचं आहे की डीलरचं हे पावतीवर कुठे कळतं? पुढेमागे आईबाबांना पुण्याला आणायचा विचार आहे, डीलरचं असेल तर पैसे तिथेच अडकतील. गाडी विकली तर उरलेले पैसे परत मिळतात का, नव्या मालकाच्या नावावर होतं का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जॉबकार्डवर (गाडी देताना कामं लिहून घेतात तो कागद) "मॅन्युअल शेड्यूलव्यतिरिक्त कुठलंही काम मालकाला विचारल्याशिवाय करू नये" असं लिहून घेतलं आणि फोन नंबर बाबांच्या ऐवजी माझा दिला तर वर्कशॉपवाले ते पाळतात का? आरसी माझ्याच नावावर आहे. कोणी असं करून बघितलंय का? हे जमत असेल तर मी पॅकेज सोडूनच देतो.

अपडेट: खाली विचारलंय म्हणून, पिकअप-ड्रॉप पॅकेजमध्ये नाही, त्याचे वेगळे पैसे. बाबाच गाडी घेऊन जातात आणि काम होईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहतात.