फेब्रुवारीचे तीनशे

"कर फक्त आम्ही नोकरदार भरतो, बाकी सगळे फुकटे" असं वर एकाने लिहिलंय. मीही नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कारखान्यात नोकरीच करतो, पण हे काही पटलं नाही.

निफाडकडे घरची द्राक्षबाग आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, कबूल. (त्याआड काळ्याचं पांढरं करणारेही आहेत, तेही कबूल.) पण ढगाळ हवा पडून डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसला की भाऊ फवारणीमागून फवारणी घेतो, आणि औषधाच्या बिलावर 18 टक्के जीएसटी असतो. दुकानदाराला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्याच्या देण्यातून वजा होतो; भावाला नाही. पुढे बाग पावसात झोपली तरी तो कर गेला तो गेलाच.

2025 च्या बजेटात नव्या करप्रणालीत वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर माफ झाला. माझे पैसे वाचले, खोटं कशाला बोलू? पण आमच्या लाइनवरच्या कंत्राटी पोराला त्यातून काय मिळालं? तो आधीही आयकरात नव्हता. त्याला जी काय सवलत मिळाली ती सप्टेंबरात, साबण-टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आल्यावर.

आता त्याची पगाराची स्लिप बघा. पगार 14 हजार, व्यवसाय कर (राज्य सरकार पगारातून कापून घेतं तो) महिना 200, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. आमच्या प्लांट हेडचेही तेवढेच! राज्यघटनेतली कमाल मर्यादाच 2,500 आहे, 1988 पासून. बायकांना निदान महिना 25 हजारांपर्यंत माफी आहे. हा पोरगा मात्र 10 हजारांच्या वर गेला आणि प्लांट हेडच्या रांगेत जाऊन बसला.